धाकू खांदेकरी आणि ओढ्यात अडलेली पालखी

फार फार वर्षे झाली या गोष्टीला. तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता, आणि उंबरघोळातून खाली बंदरपेठेत जायचे तर कातळात कोरलेल्या बाराशे पायऱ्या उतराव्या लागत. त्या पायऱ्या पांडवांनी एका रात्रीत कोरल्या, असे म्हणतात. तळाच्या काही पायऱ्या वेड्यावाकड्या आहेत, त्या कोंबडा आरवल्यावर घाईने उरकल्या म्हणून, असेही म्हणतात.

उंबरघोळ हे गाव डोंगराच्या कुशीत वसलेले. मधून एक ओढा जाई आणि गावाचे दोन भाग करी. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरलीवाडी, खालच्या अंगाला खालचीवाडी. ग्रामदेवता दोघींची एकच, वाघजाई. तिची पालखीही एकच. पण पालखीचा पुढचा दांडा कोणत्या वाडीने धरायचा, यावरून दोन्ही वाड्यांत पिढ्यान् पिढ्यांचे वैर होते. शिमग्यात पालखी देवळाबाहेर पडली की तरण्या पोरांचे खांदे तिच्याखाली जाण्यासाठी झुंजत. कोणाची बंडी फाटे, कोणाचे डोके फुटे. आणि शिमगा सरला की तेच खांदे वर्षभर पाराला टेकून बसत. म्हातारे त्यांना म्हणत, "शिमग्यापुरते शूर, एरवी भुईला भार."

या गावाची एक समजूत होती. जिवंत माणसाने चार खांद्यांवर जाऊ नये. दोन बांबू आणि चार खांदे हे यमाचे वाहन. त्यावर जिता जीव ठेवला की यम तो आपलाच धरतो, असे म्हणत. म्हणून आजारी माणूस चालू शकत असेल तर आपल्या पायांनी पायऱ्या उतरून पेठेतल्या वैद्यबुवांकडे जाई. लेकरू असेल तर आईच्या कडेवर जाई. ज्याला चालता येत नसे तो घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आढ्याकडे बघत पडून राही, आणि घरचे देवाला हात जोडत. वैद्यबुवांच्या हाताला गुण होता, पण त्यांचे गुडघे गेले होते. ते वर येऊ शकत नव्हते, आणि गाव खाली जाऊ शकत नव्हते.

खालचीवाडीत लखोजी नावाचा एक भला माणूस राहत असे. धाकू त्याचा एकुलता एक मुलगा. धाकू बावीस वर्षांचा असताना लखोजी फणसावरून पडला आणि त्याचे मांडीचे हाड मोडले. अकरा दिवस तो पडून होता आणि अकरा दिवस धाकू त्याच्या उशाशी बसून होता. बापाला वैद्याकडे न्यायला हवे, हे धाकूला कळत होते. त्यासाठी चार माणसे हवीत, हेही कळत होते. तो दोनदा उठून उंबऱ्यापर्यंत गेला आणि दोनदा परत येऊन बसला. जे आजवर कोणी कोणाकडे मागितले नाही, ते मागायला त्याची जीभ रेटली नाही. बाराव्या दिवशी सकाळी लखोजीने डोळे मिटले, आणि दुपार व्हायच्या आत अंगणात चाळीस माणसे खांदा द्यायला उभी राहिली. वरलीवाडीचीही आली. मरणापाशी वैर ठेवायचे नाही, अशी गावाची रीत होती, आणि ती चांगलीच रीत होती.

धाकू हातात मडके घेऊन पुढे चालला. पुढे चालणाऱ्याने मागे वळून पाहू नये म्हणतात; धाकूने पाहिले. त्या चाळीस खांद्यांकडे पाहून त्याच्या मनात काय आले, ते त्याने पुष्कळ वर्षांनी एकदाच सांगितले. तो म्हणाला, "ही सगळी माणसं कालही इथंच होती."

दिवस झाले, सुतक फिटले. धाकू ओढ्याकाठी सोनाई बुरुडणीच्या खोपटाकडे गेला. सोनाई एकटी बाई. दोन्ही वाड्यांची सुपे, टोपल्या, कणग्या तिच्याच हातच्या. पण तिचे खोपट ऐन ओढ्याच्या काठी असल्यामुळे तिला ना वरलीवाडी आपली म्हणे, ना खालचीवाडी. शिमग्याची पालखी गावातल्या प्रत्येक घरी थांबे. सोनाईचे घर कोणत्याच वाडीच्या यादीत नव्हते, म्हणून तिथे थांबत नसे.

"सोनाई मावशी, एक डोली विणून देशील का?" धाकू म्हणाला. "दोन लांब बांबू, आणि मधे माणूस मावेल अशी."

सोनाईने हातातली कोयती खाली ठेवली. "मेलेला माणूस की जिता?"

"जिता."

"मग पाठीला टेकू हवा, आणि डोक्याशी सावली. मेलेल्याला काय, कशीही चालते." ती बांबू निवडायला उठली. "गाव तुला बोलेल हो."

"बोलू दे. तुलाही बोलेल."

"मला गाव बोलतं ते सूप हवं असलं की. तेवढंच बोलणं वाढेल."

आठ दिवसांत डोली तयार झाली. ती इतकी सुबक होती की तिच्यात ठेवलेला पाण्याचा तांब्या चालताना हिंदकळत नसे, असे म्हणतात. धाकू ती खांद्यावर घेऊन पारावर गेला. तिथे वरलीवाडीचा राणोजी बसला होता. ताडमाड उंच, छाती दरवाजाएवढी. पालखीच्या पुढच्या दांड्याखाली त्याचा खांदा ठरलेला.

"राणोजी," धाकू म्हणाला, "तुझा खांदा वर्षातले पाच दिवस कामाला. उरलेले मला दे."

"न्यायचंय कुणाला?"

"आज कुणाला नाही. पण कोणीतरी पडेल, तेव्हा धावाधाव नको."

"म्हणजे गावात कोण पडतंय याची वाट बघत बसायचं?" राणोजीने सवंगड्यांकडे पाहून डोळा मिचकावला. "धाकू, एक तर वैद्य हो, नाहीतर गिधाड हो. दोन्ही एकदम नको." सारा पार हसला.

गावचे मानकरी मात्र हसले नाहीत. जित्या माणसासाठी तिरडी बांधणाऱ्याचा हात देवीला लागू नये, असे त्यांनी ठरवले. धाकूला पालखीखाली जायची मनाई झाली. उंबरघोळच्या तरुणाला याहून मोठी शिक्षा नव्हती. धाकूने डोली गोठ्याच्या वळचणीला टांगून ठेवली. रोज पहाटे देवीचे नाव घेऊन तो पायऱ्या उतरे आणि चढे. कोणती पायरी डगमगते, कोणत्या वळणावर शेवाळ धरते, कुठे दोन माणसे शेजारी मावतात आणि कुठे एकच, हे तो पाठ करी. पोर बापाच्या दुःखाने खुळे झाले, असे लोक म्हणू लागले. देवाचे वेड आणि माणसाचे वेड लांबून सारखेच दिसते.

पुढचा फाल्गुन आला. होम पेटला, देवीचे चांदीचे मुखवटे पालखीत बसले, ढोल घुमू लागले. वरलीवाडीची घरे घेऊन पालखी खालचीवाडीकडे निघाली. धाकू काठावर, वडाच्या मुळाशी, लांबूनच हात जोडून उभा होता. पालखी ओढ्यात उतरली. फाल्गुनातला ओढा तो, घोट्याएवढे पाणी. आणि त्या घोटाभर पाण्यात, ऐन मध्यावर, पालखी थांबली.

आधी लोकांना वाटले, पोरे नाचवण्यासाठी थांबली. मग त्यांच्या मानेच्या ताठलेल्या शिरा दिसल्या, वाळूत रुतलेले पाय दिसले. आठ खांद्यांचे सोळा झाले. पालखी तसूभर हलली नाही. देवीच्या मनात काही सलत असले की पालखी जड होते, हे कोकणातले पोरही जाणते. पण सलते आहे काय?

दोन्ही वाड्यांना उत्तर आधीच ठाऊक होते.

"वरलीवाल्यांनी नारळ डाव्या हातानं फोडला," खालचीवाडीचा मानकरी म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं."

"तुझे डोळे सकाळपासून तांबडे आहेत," वरलीवाडीचा मानकरी म्हणाला. "तुमच्याकडच्या पोरानं दांडा बदलताना आमच्या पोराला कोपर मारलं, त्याचा राग आहे हा."

विसा गुरव देवीचा म्हातारा पुजारी. त्याने कौल लावला. म्हणजे देवीच्या मुखवट्याला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या कळ्या चिकटवल्या आणि प्रश्न केला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वरलीवाडीकडून मान चुकला का, आई? एकही कळी पडली नाही. खालचीवाडीकडून चुकला का? पडली नाही. नारळ हवा का, कोंबडा हवा का, गेल्या वर्षीचा नवस राहिला का? दोन्ही कळ्या जागच्या जागी. सूर्य माथ्यावर आला. पोरांच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या. पालखी वाटेत खाली टेकवायची नाही, असा नेम. त्यामुळे खांदा काढायची सोय नव्हती. आणि काठावर दोन्ही वाड्यांचे जाणते पुढच्या चुका आठवत होते.

ढोल थांबले तेव्हा धाकूला मागून कण्हणे ऐकू आले. सोनाईच्या खोपटाचे दार लोटलेले होते. चार दिवसांत तिला कोणी पाहिले नव्हते. वरलीवाडीला वाटले, खालचीवाडी बघेल. खालचीवाडीला वाटले, वरलीवाडी बघेल.

धाकू आत गेला. सोनाई चटईवर पडली होती. बांबू सोलताना उडालेली कामटीची धारदार शीप तिच्या पायात घुसली होती. पाऊल भोपळ्यासारखे सुजले होते, आणि काळानिळा रंग गुडघ्यापर्यंत चढला होता. अंग तव्यासारखे तापले होते. तिने डोळे किलकिले केले.

"पालखी थांबल्यासारखी वाटते रे," ती म्हणाली. "माझ्या दारावरनं जाते ती दर साली. थांबत नाही कधी."

धाकू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. दुखण्याच्या अकराव्या दिवशी लखोजीच्या तोंडावर जो रंग होता, तोच हा रंग होता. आज उंबऱ्यावरून माघारी फिरलो तर उद्या चाळीस खांदे येतील, हे त्याला लख्ख दिसले. तो उठला आणि या वेळी उंबरा ओलांडून थेट ओढ्यात उतरला.

"गुरवकाका," तो म्हणाला, "अजून एक विचारा."

"तुला मनाई आहे," एक मानकरी म्हणाला.

"हात लावायला आहे. बोलायला नाही. गुरवकाका, सोनाईला आज वैद्याकडं न्यायची का, एवढंच आईला विचारा."

विसा गुरवाने मुखवट्यावरच्या जुन्या कळ्या काढल्या. देवळाच्या इतिहासात असा प्रश्न कोणी केला नव्हता. त्याने नव्या कळ्या लावल्या आणि खालच्या आवाजात विचारले. प्रश्न पुरता व्हायच्या आतच उजवी कळी गळून पाण्यात पडली, असे म्हणतात. काही जण म्हणतात, त्याच घटकेला डोंगरावरून वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्यामुळे कळी पडली. वारा कोणी पाठवला, हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही.

धाकूने गोठ्यातून डोली आणली आणि काठावर ठेवली. कोणी पुढे आले नाही. देवीचा होकार होता, पण पिढ्यान् पिढ्यांची भीती एका कळीने जात नसते. राणोजीची नजर डोलीकडे वळलेली पाहून त्याची आई गर्दीतून म्हणाली, "राणू, हात लावशील तर माझी शपथ आहे. जित्या माणसाला चार खांदे लावून आजवर कोणाचं भलं झालंय?"

धाकू तिच्याकडे वळला. "काकी, आपली वाघजाई जागृत आहे ना?"

"जागृत आहे म्हणून तर अडली."

"म्हणजे जिती आहे."

"हे काय विचारणं झालं, मेल्या."

"मग जित्या देवीला पोरं दर साली खांद्यांवर घेतात, तेव्हा यम येतो का गं?"

पालखीखालून कोणीतरी खुदकन हसले, आणि मग राणोजीचा आवाज आला. "अरे, कोणीतरी माझ्या जागी खांदा लावा. मी डोलीला जातो. पण एक सांगून ठेवतो, पुढचा दांडा वरलीवाडीचा."

"म्हणजे मागचा आम्ही सोडून दिला असं वाटलं काय तुला?" खालचीवाडीचा एक जण म्हणाला, आणि त्यानेही खांदा काढला. मग तिसऱ्याने काढला, चौथ्याने काढला. बघता बघता डोलीचा मान कोणाचा यावर भांडण जुंपले. वर्षभरात धाकू पहिल्यांदा हसला तो तेव्हा, असे म्हणतात.

इकडे पालखीखाली कोणी तरणा उरला नाही. वाड्यांचे म्हातारे धावले, देवी पाण्यात पडेल म्हणून घाबरून त्यांनी आपले वाळलेले खांदे दांड्यांना लावले. आणि जी पालखी सोळा तरण्यांना हलली नव्हती, ती आठ म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर परडीतल्या फुलांसारखी उचलली गेली. विसा गुरव सत्तर वर्षांचा. तोही त्यांत होता. पालखी आपणहून सोनाईच्या अंगणाकडे वळली आणि तिथेच बसली. पोरे परत येईपर्यंत तिथून हलली नाही.

सोनाईला डोलीत घेऊन धाकू आणि दोन्ही वाड्यांची सात पोरे निघाली. त्यांना माहीत असलेली चाल एकच, पालखीची. त्यांनी डोली उचलली आणि सवयीने नाचवायला सुरुवात केली. आतून आवाज आला, "अरे लेकरांनो, मी देवी नव्हे. मला नाचवू नका."

मग धाकूने त्यांना चालायला शिकवले. उतरताना उंच माणूस पुढे, ठेंगणा मागे. चढताना त्याच्या उलट. म्हणजे डोली सपाट राहते आणि आतल्या जिवाला उतार कळत नाही. राणोजी पुढे गेला, पण त्याच्या जोडीला तेवढा उंच गडी वरलीवाडीत नव्हता. तो खालचीवाडीत सापडला. "दांड्याला वाडी कळत नाही," धाकू म्हणाला, "उंची कळते." गुडघे सैल ठेवायचे, पाऊल अर्धेच टाकायचे. डाव्या पायाला राम, उजव्या पायाला हरी. आठ जणांनी नाम धरले आणि चार-चारच्या पाळीने ते उतरू लागले. खांदा बदलताना डोली खाली टेकवायची नाही, हा पालखीचा नेम त्यांनी तसाच ठेवला. वरलीवाडीचा खांदा थकला की खालचीवाडीचा त्याच्या शेजारी दांड्याला लागे, आणि मगच पहिला निघे. शंभरेक पायऱ्या उतरल्यावर कोणता खांदा कोणत्या वाडीचा, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

निम्म्या वाटेवर कातळाची अरुंद नळी आहे. तिथे दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. धाकूला ते माहीत होते. पुढे एक आणि मागे एक, दोघांनीच भार घ्यायचा, अशा वीस पायऱ्या होत्या. राणोजीने पुढून घेतला, धाकूने मागून. राणोजी पुढे म्हातारपणी शपथेवर सांगे की त्या वीस पायऱ्यांवर माझ्या खांद्याला भार म्हणून लागला नाही. धाकूला वाटत होते सगळा भार माझ्याकडे, आणि मला वाटत होते सगळा धाकूकडे. दुसऱ्या दिवशी ज्यांनी ती वाट पाहिली त्यांना धुळीत आठ जणांच्या पावलांच्या पुढे, वरून खालपर्यंत, वाघाच्या पावलांची एक सलग माळ दिसली. असे म्हणतात.

दिवेलागणीला डोली वैद्यबुवांच्या ओसरीवर टेकली. त्यांनी पाय पाहिला, पाणी तापवायला सांगितले, चिरा देऊन घाण काढली, शीप बाहेर आली. काम झाल्यावर हात धूत ते म्हणाले, "उद्या आणली असती तर पाय गेला असता. परवा आणली असती तर माझ्याकडं आणायची गरज नव्हती." मग त्यांनी आठ जणांच्या सुजलेल्या खांद्यांना आपल्या हाताने तेल लावले.

धाकू तिथेच थांबला. बाकीच्यांनी गावी जाऊन देवीला देवळात पोचवले. नवव्या दिवशी ते सोनाईला न्यायला पुन्हा उतरले. तिची डोली गावात शिरली तेव्हा दोन्ही वाड्या वाटेवर आल्या होत्या. चार खांद्यांवर गेलेले माणूस चार खांद्यांवरून परत येताना उंबरघोळाने प्रथमच पाहिले. ते माणूस गप्पही बसले नव्हते. सोनाई डोलीतून राणोजीच्या आईला म्हणाली, "तुमचं सूप अर्धं विणून राहिलंय हो. परवा न्या." राणोजीच्या आईने पुढे होऊन तिच्या गालांवरून बोटे मोडली आणि पदर डोळ्यांना लावला. यमाची ती जुनी समजूत त्या दिवसानंतर कोणी बोलून दाखवली नाही.

तेव्हापासून दोन्ही वाड्यांची तरणी पोरे धाकूभोवती जमू लागली. त्यांना लोक खांदेकरी म्हणू लागले. धाकूचे नेम थोडे होते आणि कडक होते. रुग्णाच्या घरचे काही घ्यायचे नाही, नारळही नाही. भाकरी आपली आपण बांधून न्यायची. वरलीवाडीचा रुग्ण असला तर निरोप मिळताच पहिला खांदा खालचीवाडीचा, आणि खालचीवाडीचा असला तर वरलीवाडीचा. आणि वाटेत आतल्या जिवाशी बोलत राहायचे, कारण भीती ही दुखण्याहून जड असते.

गावाला काय मिळाले ते सगळ्यांना दिसत होते. कितीतरी जीव वाचले. पण त्या पोरांना काय मिळाले, ते हळूहळू दिसू लागले. वैद्यबुवांच्या ओसरीवर थांबता थांबता त्यांच्यातला एक जण हाड बांधायला शिकला आणि पुढे पंचक्रोशीचा हाडवैद्य झाला. एक गडी बोलताना अडखळे, म्हणून लहानपणापासून गप्पच असे. डोलीच्या तालावर नाम घेता घेता त्याची जीभ मोकळी झाली आणि देवळात भजनाचे पहिले पद तो म्हणू लागला. राणोजीचा राग तर नाकावर असे. एका तापकरी म्हातारीने वाटभर त्याला शिव्या दिल्या आणि त्याने बाराशे पायऱ्या उतरेपर्यंत त्या ऐकून घेतल्या, त्या दिवशी घरी येऊन तो आईला म्हणाला, "आई, माझ्यात एवढं सोसणं आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं." मुली देणारे बाप शेत किती, गुरे किती, हे विचारण्याआधी विचारू लागले, "मुलगा खांदेकरी आहे का?" पार ओस पडला. आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत, हे एकदा कळले की तरुण माणसाला पाराची गरज उरत नाही. देहाचे चीज देह झिजवूनच होते, हे संतांनी सांगितले. उंबरघोळच्या पोरांना ते खांद्यावरच्या घट्ट्यांनी सांगितले.

धाकूवरची मनाई मानकऱ्यांनी कधीच उठवली होती. पण तो पालखीखाली फारसा गेला नाही. "माझी सेवा तिनं दुसरीकडं लावली आहे," म्हणे.

धाकू पुष्कळ म्हातारा झाला. एका आषाढात त्याला ताप भरला. खांदेकरी डोली घेऊन दारात आले. त्याच वेळी वरलीवाडीहून निरोप आला की एका लेकुरवाळीला साप चावला आहे. डोली एकच होती. धाकूने बोट वर केले, वरलीवाडीच्या दिशेने. पोरे घुटमळली. तेव्हा तो म्हणाला, "मी अर्धा खाली पोचलोय. तिला अजून सगळी वाट चालायची आहे." पोरे धावली. ती बाई वाचली. खांदेकरी परत आले तेव्हा धाकू दाराच्या चौकटीला टेकून, वाटेकडे तोंड करून बसला होता, आणि त्याच्यात प्राण नव्हता.

सारे गाव अंगणात जमले. राणोजीच्या नातवाने धाकूने आधीच देऊन ठेवलेला निरोप सांगितला. तो असा होता: मला न्यायला चौघे पुरेत. बाकीच्यांनी पायऱ्यांवर पावसाने आलेले दगड काढावेत. उद्या कोणाची डोली निघेल, सांगता येत नाही. तसेच झाले. चौघे धाकूला घेऊन स्मशानाकडे गेले, आणि उरलेले उंबरघोळ, बायका-पोरांसह, भर पावसात पायऱ्या साफ करत घाट उतरले. त्या दिवशी दगड हाताला कापसासारखे लागत होते, असे म्हणतात.

आता घाटात रस्ता झाला आहे. दवाखान्याची गाडी वाडीपर्यंत येते. डोली देवळाच्या सभामंडपात टांगलेली असते. तिचे विणकाम किती वेळा नवे झाले, याची गणती नाही. पण शिमग्याची एक रीत चुकलेली नाही. पालखी उचलण्याच्या आदल्या दिवशी वरलीवाडीचे तरुण-तरुणी खालचीवाडीचे घर न् घर फिरून येतात, आणि खालचीवाडीचे वरलीवाडीचे. ओढ्याकाठची घरे दोघेही पाहतात. सकाळी गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहतो आणि धाकूचे नाव घेऊन तीनदा विचारतो, "गावात कोणी पडून आहे का?" नाही, असे उत्तर दोन्ही वाड्यांकडून आले तरच ढोलावर टिपरी पडते. कोणी असेल तर मुले आधी तिकडे जातात. कोणाला दवाखान्यात पोचवायचे असते, कोणाचे पाणी भरायचे असते, कोणाजवळ नुसते बसायचे असते. देवी तोवर देवळात थांबते.

एका वर्षी एका एकट्या म्हातारबाबांचा ताप उतरेना, आणि मुले दोन दिवस त्यांच्या उशापायथ्याशी होती. शिमग्यासाठी गावी आलेले चाकरमानी कुरकुरू लागले. सुट्टी संपत आली होती. त्यांनी गुरवाला विचारले, "काका, पालखी कधी उठायची?"

गुरव देवीच्या मुखवट्यावरची धूळ पुसत होता. "तिनं कुठं घाई केली आहे?" तो म्हणाला. "तुम्हीपण जा. त्या बाबांकडं पाणी भरायचं राहिलं असेल."